दिल्ली आतून पाहायची तर वार बघून निघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्ने आटोपली की बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी भागात उत्तर भारताच्या सहलींची पत्रके वाटली जाऊ लागतात. काशी, अयोध्या, मथुरा, आग्रा आणि शेवटी ‘दिल्ली दर्शन’ असा बारा-चौदा दिवसांचा बेत असतो. त्यात दिल्लीच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. पत्रकात दहा-पंधरा ठिकाणांची नावे ओळीने छापलेली असतात, पण त्यांतली कोणती आत नेऊन दाखवणार आणि कोणती बसच्या खिडकीतून, याचा उल्लेख नसतो. भजनी मंडळातल्या बायका, सोसायटीचे सभासद, निवृत्त शिक्षक भिशीतून पैसे बाजूला काढून या सहलींना जातात. आपल्या भागातला माणूस दिल्लीला बहुधा आयुष्यात एकदाच जातो. तो इंडिया गेटसमोर एक फोटो काढून परतावा, याची चुटपुट लागते, म्हणून हे सविस्तर पत्र.

एका दिवसाचे गणित मुळातच बसत नाही. बस करोल बाग किंवा पहाडगंजच्या हॉटेलांतून माणसे गोळा करत निघते, तोवर साडेनऊ-दहा वाजतात. तपासणीची रांग धरून लाल किल्ल्याला दोन-अडीच तास लागतात. कुतुबमिनार शहराच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे वीस किलोमीटरवर. मध्ये जेवण. त्यात कार्यक्रमात न लिहिलेला एक थांबा हमखास असतो, शाली-साड्यांच्या एखाद्या मोठ्या दुकानाचा. तिथे पाऊण ते एक तास जातो, कारण त्या विक्रीवर बसवाल्याला टक्केवारी मिळते. डिसेंबरात दिल्लीत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मग राष्ट्रपती भवन, संसद, राजघाट ही ठिकाणे ‘उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा’ यातच संपतात. दिल्लीला किमान तीन पूर्ण दिवस लागतात. ते देता येत नसतील तर ठिकाणे निम्मी करावीत, पण प्रत्येक ठिकाणी आत जावे.

दुसरी चूक वारांची. सोमवारी लाल किल्ला बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेंपल बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, तीन मूर्तीचे प्रधानमंत्री संग्रहालय बंद, गांधी स्मृती बंद आणि राष्ट्रपती भवनाची भेटही बंद. कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि जंतरमंतर मात्र रोज उघडे असतात. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. एवढे पाठ असले तरी अर्धी सहल वाचते. सोमवार दिल्लीत आणि शुक्रवार आग्र्यात घालवणारी वेळापत्रके दर वर्षी निघतात, कारण तारखा आधी हॉटेलच्या सोयीने ठरतात आणि ठिकाणे मागाहून त्यांत बसवली जातात. हे उलट व्हायला हवे.

आपल्याकडून सर्वांत सोयीची गाडी म्हणजे वास्को–निजामुद्दीन गोवा एक्सप्रेस. लोंढा आणि बेळगाव या दोन्ही ठिकाणी ती मिळते. संध्याकाळी निघून दोन रात्री व मधला पूर्ण दिवस प्रवास करून सकाळी हजरत निजामुद्दीनला पोहोचते. निपाणी, संकेश्वरच्या लोकांना कोल्हापूरहून निघणारी आठवड्याची निजामुद्दीन गाडीही जवळ पडते. बेळगावहून मंगळवारी संध्याकाळी निघाले की गुरुवारी सकाळी दिल्ली, आणि हाती गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार हे चार दिवस येतात. सोमवार आपोआप टळतो, शनिवार पदरात पडतो. शनिवारी सकाळी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात रक्षक बदलाचा सोहळा असतो, म्हणून शनिवारला महत्त्व.

आरक्षण आता १२० नव्हे तर ६० दिवस आधी उघडते. हा बदल १ नोव्हेंबर २०२४ पासूनचा आहे, तरी अजून पुष्कळजण चार महिने आधी चौकशीला जातात आणि नंतर विसरतात. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. आरक्षण उघडल्यानंतरच्या सुरुवातीच्या वेळेत आधार-प्रमाणित खात्यांनाच तिकीट काढता येते, म्हणून ते काम आधीच करून ठेवावे. वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरमध्ये बसू देत नाहीत. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. ‘सवलतीचे तिकीट काढून देतो’ असे कोणी सांगितले तर पैसे देऊ नयेत.

राष्ट्रपती भवन आतून पाहता येते, हेच आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसते. त्यासाठी राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर वेळ राखून ठेवावी लागते; मुख्य इमारत आणि संग्रहालय यांची नोंदणी वेगवेगळी, शुल्क प्रत्येकी ५० रुपये. मुख्य इमारतीत दरबार हॉल दिसतो, ज्याला जुलै २०२४ पासून गणतंत्र मंडप म्हणतात, आणि अशोक मंडप, म्हणजे पूर्वीचा अशोक हॉल. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे रेल्वेचे तिकीट हाती आले की त्याच दिवशी ही नोंदणी करावी. अडचण येते ती नावांची. आपल्या जिल्ह्यातल्या आधार कार्डांवर नाव कन्नड आणि इंग्रजीत असते. दिल्लीच्या फाटकावर इंग्रजी स्पेलिंगच पाहिले जाते. वयस्क बायकांच्या कार्डावर कधी माहेरचे नाव, कधी नुसती आद्याक्षरे, कधी आडनावच नाही. नोंदणी करणारा आपल्या अंदाजाने ‘सुलोचना पाटील’ भरतो आणि कार्डावर वेगळेच असते. प्रत्येकाच्या कार्डाचा फोटो मागवून, त्यातली अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत. मूळ कार्ड बरोबर न्यावे. झेरॉक्सच्या भरवशावर राहू नये.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्यांना राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यानही पाहायला मिळते. त्याला शुल्क नाही, प्रवेश ३५ क्रमांकाच्या फाटकातून, सोमवारी बंद. हवामानाच्या दृष्टीनेही हाच काळ उत्तम.

संसदेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झाले. अधिवेशन चालू असताना प्रेक्षक सज्जातून कामकाज पाहायचे तर खासदारांच्या शिफारशीने पास काढावा लागतो. इथे एक स्थानिक गोष्ट ध्यानात घ्यावी. बेळगाव शहर व ग्रामीण भाग बेळगाव मतदारसंघात, निपाणी-चिकोडी चिकोडी मतदारसंघात, पण खानापूर तालुका लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतो. खानापूरच्या गटांनी बेळगावात खेटे घालण्यापेक्षा आपल्या मतदारसंघाच्या खासदारांचे कार्यालय गाठावे. यादी निदान दोन-तीन आठवडे आधी द्यावी. दिल्लीत उतरून फोन करणाऱ्याला पास मिळण्याची आशा फार थोडी.

आता ज्या ठिकाणासाठी हे पत्र मुख्यतः लिहावेसे वाटले ते सांगतो. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचे गाव. आपल्या भागात अशी गावे थोडी, जिथल्या एखाद्या तरी घरातला माणूस फौजेत नाही. तरीही सहलीची बस इंडिया गेटवर वीस मिनिटे थांबते आणि त्याच्या मागे काही पावलांवर असलेले राष्ट्रीय समर स्मारक न दाखवता पुढे जाते. इंडिया गेट ४२ मीटर उंच, १९३१ साली खुले झालेले, पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांचे स्मारक. स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे ते समर स्मारक, २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्घाटन झालेले. अमर जवान ज्योतही २१ जानेवारी २०२२ रोजी इंडिया गेटखालून तिथल्या ज्योतीत विलीन करण्यात आली. म्हणजे इंडिया गेटखाली ज्योत शोधणाऱ्याला ती सापडत नाही, आणि गाइडही पुष्कळदा सांगत नाही.

स्मारकाची रचना एकात एक अशा चार चक्रांची आहे. मधोमध अमर चक्र, तिथे स्तंभ आणि ज्योत. त्याभोवती वीरता चक्र, त्यात लढायांची कांस्यचित्रे. मग त्याग चक्र, ज्याच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर हुतात्म्यांची नावे कोरली आहेत. उद्घाटनाच्या वेळी ती २५,९४२ होती. सर्वांत बाहेर रक्षक चक्र, झाडांचे. आपल्या गावातल्या, भावकीतल्या कोणाचे नाव पाहायचे असेल तर कागदावर पूर्ण नाव, सैनिक क्रमांक, रेजिमेंट आणि वर्ष लिहून न्यावे. पंचवीस हजारांहून अधिक नावांत ‘पाटील’ किंवा ‘जाधव’ एवढ्यावर शोध लागत नाही. वीरपत्नी, वीरमाता गटात असतील तर निघण्यापूर्वी सेवापुस्तकातले हे तपशील उतरवून घेणे हे संयोजकाचे काम आहे. शेजारच्या परम योद्धा स्थळावर परमवीर चक्र मिळालेल्या २१ वीरांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत कारवारचे रामा राघोबा राणे आहेत, १९४८ साली नौशेरा–राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून देणारे. इथे संध्याकाळी यावे. सूर्यास्ताच्या सुमारास होणारा पुष्पचक्राचा कार्यक्रम पाहावा. प्रवेश विनामूल्य आहे. दीड तास हाताशी ठेवावा. जवळच दगडी छत्रीखाली नेताजींचा २८ फूट उंच काळा पाषाणपुतळा आहे, म्हैसूरच्या अरुण योगीराज यांनी घडवलेला.

लाल किल्ल्याबद्दल गाइड शाहजहान सांगतात, १८५७ सांगतात, मधले मराठ्यांचे शतक गाळतात. आपल्या लोकांनी ते आधी वाचून जावे. तालकटोरा म्हटले की फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या स्टेडियममध्ये भरलेले ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आठवते. त्याच परिसरात १७३७ साली बाजीरावाच्या फौजेचा तळ होता. किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत १७६० साली सदाशिवरावभाऊंच्या फौजेने उतरवले, कारण सैन्याचा पगार द्यायला पैसा नव्हता. पुढच्याच जानेवारीत, १४ तारखेला, पानिपत झाले. महादजी शिंद्यांनी दहा वर्षांनी दिल्ली पुन्हा मिळवली आणि १७७२ च्या आरंभी बादशहा शाह आलमला परत गादीवर आणले. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजला शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. एवढे माहीत असलेला माणूस दिवाण-ए-खाससमोर उभा राहिला की त्या मोकळ्या छताकडे वेगळ्या नजरेने पाहतो. किल्ल्यात लाहोरी दरवाजाने शिरून छत्ता चौक, नौबतखाना, दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास असे सरळ जावे. छत्ता चौकातली खरेदी परतताना करावी, नाहीतर अर्धा गट तिथेच अडकतो.

पानिपत दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटर. काला आंब हे स्मारक शहराबाहेर आहे. जायचे तर पूर्ण दिवस वेगळा काढावा. आग्रा आणि पानिपत दोन्ही एका दिवसात कोंबू नयेत. दोन्ही विरुद्ध दिशांना आहेत.

टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून रोज जाणाऱ्याला १९२४ चे बेळगाव अधिवेशन सांगावे लागत नाही. गांधीजी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. म्हणून राजघाटाबरोबर तीस जानेवारी मार्गावरची गांधी स्मृतीही पाहावी. शेवटचे १४४ दिवस गांधीजी त्या घरात राहिले आणि तिथेच त्यांची हत्या झाली. निपाणीकरांना १९२५ ची बहिष्कृत परिषद ठाऊक आहे. त्यांच्या कार्यक्रमात २६, अलीपूर रोड हवेच. बाबासाहेबांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी जिथे महापरिनिर्वाण झाले, त्या जागी आता राष्ट्रीय स्मारक आहे, उघडलेल्या संविधान ग्रंथाच्या आकाराचे, १३ एप्रिल २०१८ रोजी खुले झालेले. पिवळ्या मार्गावरचे सिव्हिल लाइन्स हे जवळचे मेट्रो स्थानक. एकाही नेहमीच्या ‘दर्शन’ बसच्या यादीत हे ठिकाण सहसा नसते.

कुतुबमिनार ७२.५ मीटर, पण आत चढायला मिळत नाही. १९८१ च्या डिसेंबरातल्या चेंगराचेंगरीनंतर जिना बंद आहे. दीड तास पुरतो. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्यांनी हुमायूनची कबर चुकवू नये, ऐंशी-नव्वद वर्षांच्या अंतराने घुमटाची बांधणी कशी बदलली ते डोळ्यांनी कळते. पुरातत्त्व खात्याच्या या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. मोठ्यांचे तिकीट ऑनलाइन घेतल्यास थोडे स्वस्त पडते आणि खिडकीची रांगही टळते.

अक्षरधामला प्रवेश विनामूल्य, पण मोबाईल, कॅमेरा, पिशव्या आत नेता येत नाहीत. गोंधळ होतो तो इथेच. आत गेल्यावर कोणाला फोन करता येत नाही, चाळीस जणांचा गट पांगतो आणि बाहेर ड्रायव्हर खोळंबतो. आत जाण्याआधीच भेटीची जागा आणि वेळ ठरवून, हातावर घड्याळ असलेला एकेक माणूस दहा-दहा जणांमागे नेमावा. सगळ्यांचे मोबाईल एकाच टोकनवर ठेवू नयेत. टोकनवाला हरवला तर सारेच अडकतात. दुपारी तीनच्या सुमारास पोहोचून संध्याकाळचा पाण्याचा कार्यक्रम पाहून बाहेर पडणे सोयीचे.

फिरण्यासाठी चार-सहाजणांच्या कुटुंबाला मेट्रोसारखे साधन नाही. ऑगस्ट २०२५ मधल्या वाढीनंतर भाडे ११ ते ६४ रुपये आहे. निजामुद्दीन रेल्वे स्थानकाला लागूनच गुलाबी मार्गाचे सराय काले खाँ स्थानक आहे. लाल किल्ला, कुतुबमिनार, अक्षरधाम या नावांचीच स्थानके आहेत. गाडीत पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. सामान २५ किलोपर्यंत चालते. तपासणीत सुरी आणि विळी अडवतात, अडकित्ताही अडू शकतो. स्वयंपाकाचे सामान बरोबर नेणाऱ्या गटांनी या वस्तू हॉटेलवर ठेवाव्यात. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ वयस्कांना घेऊन चढू नये. रिक्षाचा सरकारी दर पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये, पुढे किलोमीटरला ११; स्थानकाबाहेरच्या प्रीपेड खिडकीवरून पावती घेतली की घासाघीस राहत नाही. ‘तुमचे हॉटेल बंद पडले, दुसरे दाखवतो’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये, आधी हॉटेलला फोन लावावा.

काळ निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. डिसेंबरअखेर ते जानेवारी धुक्याने गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, म्हणून दिल्लीत पोहोचण्याच्या दिवशी दुपारपर्यंत काहीही ठरवू नये. नोव्हेंबर ते जानेवारी हवा बिघडते. प्रदूषणामुळे लावतात त्या निर्बंधांचा तिसरा टप्पा लागला की बीएस-४ डिझेल चारचाकींना दिल्लीत बंदी येते. क्रूझर-टेंपो घेऊन इथून रस्त्याने जाणाऱ्यांनी आधी आपल्या गाडीचे आरसी बुक उघडून पाहावे. दमेकऱ्यांनी तो काळ टाळावा. २६ जानेवारीच्या आधी दोन आठवडे कर्तव्य पथ संचलनाच्या सरावासाठी वेळोवेळी बंद असतो, आणि लाल किल्ला स्वातंत्र्यदिनाआधी काही आठवडे बंद ठेवतात. थंडी बेळगावच्या हिशेबाने मोजू नये. स्वेटरवर शाल पुरत नाही, कानटोपी आणि पायमोजे हवेत.

आग्रा शेवटी ठेवावे. रविवारी सकाळी निजामुद्दीनहून गतिमान एक्सप्रेस शंभर मिनिटांत आग्रा कँटला नेते (शुक्रवारी ती धावत नाही). परतीची गोवा एक्सप्रेस दिल्लीहून दुपारी निघून आग्रा कँटवरूनच जाते. त्यामुळे तिकीटच आग्र्याहून काढावे, किंवा निजामुद्दीनचे काढले असेल तर गाडी सुटण्याच्या २४ तास आधी चढण्याचे स्थानक बदलून घ्यावे. न बदलता आग्र्याला चढायला गेल्यास बर्थ दुसऱ्याला दिलेला असतो, आणि त्यात टीसीची चूक नसते. ताजमहालाचे तिकीट ५० रुपये, मुख्य कबरीसाठी आणखी २००. ते तीन तास चालते. खाद्यपदार्थ, तंबाखू-चुन्याची डबी, काडेपेटी आत नेऊ देत नाहीत. मोठे सामान स्थानकाच्या क्लोक रूममध्ये कुलूप लावून ठेवावे, बिनकुलपाचे घेत नाहीत.

राहण्यासाठी कर्नाटक भवन (कावेरी, शरावती, तुंगभद्रा) आणि महाराष्ट्र सदन यांची नावे आपल्याकडे नेहमी निघतात. दोन्हीकडे आधी लोकप्रतिनिधी आणि अधिकारी यांना खोल्या मिळतात. शिफारसपत्रासह लवकर अर्ज करावा आणि त्यावर विसंबून न राहता हॉटेल धरून ठेवावे.

सहल संयोजकांना कळकळीची विनंती आहे. पत्रक छापायला टाकण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणापुढे वार, थांबण्याची वेळ आणि ‘आतून’ की ‘बाहेरून’ हे लिहा. प्रवेशशुल्क रकमेत धरले आहे की नाही तेही लिहा. आणि आगाऊ रक्कम भरणाऱ्यांनी हे लिहिलेले पत्रक हाती आल्याशिवाय पावती फाडू देऊ नये.

आपले,
दिल्ली सहलींच्या नियोजनात मदत करणारे काही वाचक,
टिळकवाडी व शहापूर, बेळगाव